डॉक्टर काळोखे यांचा नवा सायलेन्सर

डॉक्टर महिपतराव काळोखे यांच्या मोटारीला सायलेन्सर नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सायलेन्सर होता. त्यात शिरलेला आवाज अडण्याऐवजी वाढून बाहेर पडत होता, एवढंच. लोणावळ्याचा पाऊस माणसांच्या हाडांत शिरतो, तिथे बिचाऱ्या पत्र्याची काय कथा! गाडी विलायती, हिरव्या रंगाची आणि वयाने डॉक्टरांच्या प्रॅक्टिसएवढी जुनी. ती बाजारातून निघाली की दुकानदार बोलणं अर्ध्यावर थांबवत, गाडी पुढे जाऊ देत आणि मग उरलेलं वाक्य पूर्ण करत. डॉक्टरांना वाटे, लोक आदराने गप्प होतात.

हा गैरसमज चिंचवडच्या गुप्तेसाहेबांनी मोडला. गुप्तेसाहेब एका नव्या कारखान्याचे अधिकारी. कारखान्याला डॉक्टर हवा होता आणि महिपतरावांचं नाव त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. डॉक्टर त्यांना आणायला स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर गेले. घरी पोचेपर्यंत साहेबांनी कानांवरचे हात काढले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या पेशंटांपेक्षा तुमची गाडीच जास्त खोकते हो!"

गुप्तेसाहेब हसले याचं डॉक्टरांना काही वाटलं नाही. पाहुणे हसतातच. पण पडद्याआड नंदाबाई हसल्या, आणि लग्नाच्या बायकोने पाहुण्याच्या विनोदावर इतकं मनापासून हसावं हे मात्र त्यांना लागलं.

कारखान्याची नोकरी उत्तम होती. ठरलेल्या वेळा, राहायला क्वार्टर, नळाला पाणी. नंदाबाई तर मनाने कधीच चिंचवडला जाऊन पोचल्या होत्या, कारण लोणावळ्यात पावसाळाभर कपडे वाळत नाहीत आणि चिंचवडला ते वाळतात अशी त्यांची पक्की माहिती होती. अडचण एकच होती. नोकरी धरली तर डॉक्टरांचा बुधवार सुटणार होता.

दर बुधवारी डॉक्टर कामशेतवरून वळून, बेडश्याची खिंड चढून पवन मावळात उतरत. खाली एका फाट्यावर मोठं जांभळाचं झाड होतं. तिथे गाडी उभी करायची, मागची फळी पाडायची, कंपाउंडर निवृत्तीने बाटल्या मांडायच्या आणि दवाखाना सुरू. गंमत अशी की डॉक्टर पोचायच्या आत पेशंट तिथे हजर असत. कुणी पाठगुळीला म्हातारी घेऊन, कुणी पोराला खांद्यावर टाकून. सगळी वाडीवस्ती आजूबाजूच्या डोंगरांवर विखुरलेली, पण एकाला कधी उशीर होत नसे. "आपण वेळ पाळली की लोकही पाळतात," असं डॉक्टर घरी येऊन सांगत. माझ्यावाचून त्या खोऱ्यात पान हलत नाही, हे वाक्य ते मोठ्याने बोलत नसत, पण निवृत्तीला ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत असे.

गुप्तेसाहेब महिनाअखेरच्या रविवारी शेवटचा होकार घ्यायला येणार होते. नोकरीचं काय करायचं ते डॉक्टरांचं ठरत नव्हतं. पण त्या रविवारी गाडी खोकणार नाही, हे मात्र त्यांनी त्याच रात्री ठरवून टाकलं.

सकाळी कुंपणापलीकडून सावळारामपंत डोकावले. पंत रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरी संपली तरी हिरवा झेंडा त्यांनी मनातून खाली ठेवला नव्हता. "सायलेन्सर कशाला हवाय तुम्हाला?" ते म्हणाले. "आमच्या इंजिनाला होता का कधी? आणि आवाज नकोच असेल तर सोपा उपाय सांगतो. उतार लागला की इंजिन बंद करायचं."

"आणि चढ लागला की?"

"चढाला जायचंच कशाला?" पंत म्हणाले. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे वागलं असतं तर डॉक्टरांना फक्त घाटाखालच्या खोपोलीला जाता आलं असतं, आणि तेसुद्धा एकदाच.

शेवटी डॉक्टरांनी गाडी भिमाजी मिस्त्रीच्या शेडीत नेली. भिमाजीला मोटारीतलं काय काय येत होतं हे सांगणं कठीण, पण त्याला काही येत नाही असं त्याने कधी कुणाला वाटू दिलं नव्हतं. त्याने वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि हात झटकले.

"डाक्तर, सायलेन्सर म्हंजी काय वो? पोकळ डबा. त्याला म्हमईहून कशाला मागवायचा? डबा म्या देतो की."

त्याने शेडीच्या कोपऱ्यातला दुधाचा एक कॅन उचलला, त्याला भोकं पाडली, डाग दिला आणि गाडीखाली बसवला. उभ्या गाडीत आवाज खरोखरच कमी आला. डॉक्टर खूश झाले. पण बाजारात शिरल्यावर त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि कॅनमधून शिंग फुंकल्यासारखा लांबलचक सूर निघाला. लोक पटापट बाजूला झाले. एक म्हातारी तर देवाची पालखी आली म्हणून आरतीचं ताट घेऊन बाहेर आली आणि डॉक्टरांना बघून नाइलाजाने त्यांनाच ओवाळून गेली.

वलवणच्या उतारावर कॅन सुटला. तो गाडीच्या पुढे धावत गेला आणि समोरून येणाऱ्या सोपान गवळ्याच्या सायकलीपाशी जाऊन थांबला. सोपानने तो उलटा करून पाहिला. बुडाला त्याचंच नाव ठोकलेलं होतं. डाग द्यायला म्हणून त्याने तो भिमाजीकडे टाकला होता आणि भिमाजी ते साफ विसरला होता.

"डाक्तर," सोपान दुखावल्या आवाजात म्हणाला, "कॅन पायजे व्हता तर मागायचा. तुमाला न्हाई म्हनलो असतो का म्या?"

ज्या माणसाच्या दोन्ही पोरांच्या जन्माला आपण हजर होतो, त्याने आपल्याला भररस्त्यात कॅनचोर ठरवावं! डॉक्टर घरी आले ते न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईच्या एका पेढीला खराखुरा सायलेन्सर पाठवायला कळवलं.

सायलेन्सर आला, पण हातात आला नाही. तो एका मालवाहू कंपनीच्या गोदामात पडला होता आणि गोदामाच्या दारात तिथला कारकून बसला होता. कारकुनाला दमा होता आणि त्याच्या दम्यावर डॉक्टर किती वर्षं औषध देत होते, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"काळोखे तुम्हीच कशावरून?" कारकुनाने विचारलं.

"अहो, काल तर तुमची छाती तपासली मी!"

"मी तुम्हाला ओळखतो हो डॉक्टर. पण गोदाम तुम्हाला ओळखत नाही. कुणातरी प्रतिष्ठित माणसाची ओळख लागेल."

आता गावात असल्या ओळखी पटवून सही द्यायचं काम नेहमी डॉक्टर काळोखेच करत. आपणच आपल्याला ओळखतो, हे लिहून द्यायची त्यांची तयारी होती, पण कारकुनाला ते पटेना. तेवढ्यात दूध घालायला सोपान गवळी आला. तंटा काय आहे ते ऐकून त्याने डॉक्टरांकडे बोट केलं. "हेच ते. माजा कॅन ह्यांच्याच गाडीखाली व्हता." कारकुनाचं समाधान झालं आणि डॉक्टरांना सायलेन्सर मिळाला. असली ओळख पटण्यापेक्षा अनोळखी राहिलेलं बरं, असं त्यांना वाटून गेलं.

भिमाजीने तो बसवला, बसवताना तीन वेळा "ह्यापेक्षा डबाच बरा" म्हणाला, आणि गाडी गप्प झाली. अगदी गप्प! डॉक्टर घरी येऊन दारात उभे राहिले तरी नंदाबाई आत ओट्याशी पुस्तक वाचत बसलेल्या. त्या दचकून उठल्या.

"अहो, आलात कधी? भात टाकायचा राहिलाय. मी तर तुमच्या गाडीचा आवाज आला की टाकते."

डॉक्टर खूप हसले. या वाक्यावर तेव्हा थोडा विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विजयी माणसं विचार करत नाहीत.

बुधवार आला. भातकापणीचे दिवस होते, म्हणून निवृत्ती रजा घेऊन गावी गेला होता. डॉक्टर एकटेच निघाले. बेडश्याची खिंड गाडी अशी चढली की आपणच चढतोय की रस्ता खाली जातोय, कळू नये. मोठ्या ऐटीत ते जांभळाखाली येऊन थांबले.

झाडाखाली चिटपाखरू नव्हतं.

येतील, म्हणून डॉक्टर थांबले. फळी पाडली, बाटल्या मांडल्या, पुन्हा आवरल्या. वरच्या अंगाला शेतांत माणसं वाकलेली दिसत होती. जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं, पण डॉक्टरने पेशंट गोळा करत हिंडायचं? ते गाडीत बसले, वर्तमानपत्र उघडलं, आणि उन्हाने डोळे मिटायला लागल्यावर तेच तोंडावर पसरून झोपी गेले. जाग आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. कुणीही आलेलं नव्हतं.

परत येताना त्यांना आठवलं, धरणाच्या कामावर एक नवा तरुण डॉक्टर आला आहे, असं कुणीसं म्हणालं होतं. बरोबर! त्याच्याकडे गेले सगळे. डॉक्टरांना वाईट वाटलं. इतकी वर्षं चिखल तुडवला, छत्री धरून सुया टोचल्या, आणि एका बुधवारात लोकांनी पाठ फिरवली! घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. फक्त चिंचवडला पाऊस किती पडतो, ते नंदाबाईंना विचारलं.

पुढच्या बुधवारी ते गेले ते कर्तव्य म्हणून. माणूस नव्हताच. पण झाडाच्या बुंध्याशी पान मांडलेलं होतं. पानावर आंबेमोहोराचा वाफाळता भात, द्रोणात माशांचं लालभडक कालवण, बाजूला विडा. नंदाबाईंनी तुळशीची माळ घातल्यापासून डॉक्टरांच्या घरात मासा शिजत नव्हता, आणि पवना नदीतल्या माशांची चौकशी ते पेशंटच्या नाडीवर हात ठेवून करतात, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटते, पण आठवण आहे तर! डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मांडी घातली. पानाशेजारी उदबत्तीची जळकी काडी खोचलेली होती. ती डासांसाठी असावी, असं त्यांनी ठरवलं.

जेवण झाल्यावर सवयीप्रमाणे त्यांनी पान नीट दुमडलं, द्रोणाची घडी करून त्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि विडा तोंडात टाकला. मासा अप्रतिम होता. पण निरोपाचंच जेवण हे, असं म्हणत ते गाडीत बसले. घरी आल्यावर "आज भूक नाही" म्हणाले आणि गुप्तेसाहेबांना होकार द्यायचं त्यांनी नक्की केलं.

रविवारी गुप्तेसाहेब आले. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांनी कानांना हात लावला नाही. "गाडी अगदी ठणठणीत बरी केलीत हो!" असं ते दोनदा म्हणाले. नंदाबाईंनी शिरा केला होता. डॉक्टर हात पुसायला आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच बोलत होते.

"मग, काय ठरलं डॉक्टर?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी "येतो" म्हणायला तोंड उघडलं, आणि अंगणात एकदम गळा काढल्याचा आवाज आला.

"अगं वयनी गंऽऽ, कसा गं घाला पडलाऽऽ!"

कुणीतरी पेशंट दगावला, अशा समजुतीने नंदाबाई शिऱ्याची बशी हातात घेऊनच बाहेर धावल्या. अंगणात पवन मावळातली ओळखीची मंडळी उभी होती. पुढे पाटीत भाकऱ्या घेतलेली धोंडाबाई, मागे पटका काखेत घेतलेले म्हातारे अंबाजी आबा, आणि फाटकाशी डोंगरावरच्या वाडीतला कोंडू. दुःख झालेल्या घरात चूल पेटवायची नसते, म्हणून धोंडाबाईने पिठलं-भाकरी आणली होती. तिने नंदाबाईंना मिठी मारली आणि मग तिला बशी दिसली.

"येवडं आभाळ कोसळलंय आन् तुमी शिरा करताय, वयनी?"

"अहो, पण झालंय काय? कुणाला काय झालं?"

धोंडाबाई मागे वळून आबांना हळूच म्हणाली, "बयेच्या डोस्क्यावर परिनाम झालाय." आणि पायरीवर बसकण मारून तिने सूर धरला. "डाक्तर रं माज्याऽऽ! काट्याकुट्यातनं येनारा गेलाऽऽ! शिव्या द्यायचा पन औषद द्यायचाऽऽ! हात कसा बाईवानी हलका, सुई टोचली तर मुंगी बी चावल्यागत वाटायची न्हाई रंऽऽ! आता माज्या येसूचा ताप कोन उतरवलऽऽ!"

आत डॉक्टर टॉवेल हातात धरून खिळल्यासारखे उभे होते. त्यांच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. 'शिव्या द्यायचा' एवढे दोन शब्द त्यांनी गाळले असते, पण बाकीचं ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. तिने थांबू नये असं त्यांना वाटत होतं. पण बाहेर गुप्तेसाहेबांना ठसका लागल्याचा आवाज आला, तेव्हा ते नाइलाजाने दारात येऊन उभे राहिले.

धोंडाबाईचा सूर तुटला. कोंडू फाटकाबाहेर गेला. "त्येच ते, आबा! त्येच! झाडाखाली बी आसंच व्हतं!"

अंबाजी आबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या पायांकडे नीट निरखून पाहिलं. पंजे पुढेच होते. मग उन्हात पडलेली सावली पाहिली. सावलीही होती. "जित्तं हायेत," त्यांनी निकाल दिला.

"अरे, मला काय धाड भरलीय?" डॉक्टर गरजले. "कुणी सांगितलं मी मेलो म्हणून?"

"ह्या कोंडूनं," आबा म्हणाले.

कोंडू फाटकाआडूनच बोलला. "म्या गवताचा भारा घिऊन चाललोतो. बघतो तर जांबळीखाली तुमची गाडी. पन आली कवा? आवाज न्हाई, काय न्हाई! तुमची गाडी कदी बिनआवाजाची येती का? आन् आतमंदी तुमी, त्वांडावर धवळं टाकलेलं, आडवं. म्या म्हनलं, डाक्तर गेलं, आन् त्यांचा जीव हितं घुटमळतोय."

"वर्तमानपत्र होतं ते!"

"मग आमी निवद ठिवला," आबा पुढे सांगू लागले. "रोज ठिवायचो. रोज कुत्रं खायचं. पन एक दिवस पान चाटूनपुसून साफ, आन् द्रोन घडी करून ठिवलेला. कुत्रं द्रोनाची घडी घालतंय व्हय? पटलं मग समद्यास्नी. म्हनलं डाक्तर जेवलं, आता वयनीला भेटून यावं."

"काय होतं नैवेद्याला?" नंदाबाईंनी विचारलं.

"माशाचं कालवन, वयनी. त्यांच्या आवडीचं."

नंदाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. "आज भूक नाही म्हणालात, तो हाच का बुधवार?"

मेलेलं असणं काही बाबतींत सोयीचं होतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. विषय बदलायला ते आबांकडे वळले. "पण मी दर बुधवारी येतो हे तुम्हाला माहीत आहे ना? नुसतं झाडाखाली येऊन बघायचं!"

आबा गोंधळले. "बुधवार आमाला कसा ठावा आसनार, डाक्तर? खिंडीत तुमची गाडी बोंबलली की आमी म्हनायचं, आज बुधवार. तवा पोरं उचलायची आन् निगायचं. ह्या खेपेला बुधवार आलाच न्हाई."

डॉक्टर पायरीवर बसले. त्यांची वक्तशीरता, त्यांचा लौकिक, खोऱ्यातलं न हलणारं पान, सगळं त्या गंजक्या नळीतून बाहेर पडत होतं. राग यायला हवा होता, पण येईना. ज्या गाडीने दोन माणसांना नीट बोलू दिलं नाही, ती सगळ्या डोंगराला वार सांगत होती. आणि नव्या डॉक्टरकडे कुणीही गेलेलं नव्हतं.

गुप्तेसाहेबांनी बशी खाली ठेवली. "डॉक्टर, तुमचं नाहीच, असं धरू ना मी?"

"धरा," डॉक्टर म्हणाले. "मी चिंचवडला आलो तर यांचा आठवडा सहा दिवसांचा होईल."

नंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तो धोंडाबाईसाठी होता की न वाळणाऱ्या कपड्यांसाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मग मंडळींनी शिरा खाल्ला, आणि गुप्तेसाहेबांनी दुखवट्याची पिठलं-भाकरी इतकी आवडीने खाल्ली की धोंडाबाईने उरलेलं त्यांना बांधून दिलं.

भिमाजीने नवा सायलेन्सर काढून जुना लावला. "म्या सांगत व्हतो," एवढंच तो म्हणाला. सावळारामपंतांनी कुंपणावरून हिरवा रुमाल दाखवला.

बुधवारी डॉक्टर बेडश्याच्या खिंडीत पोचले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला. सगळा डोंगर दणाणला. शेतातले विळे थांबले, बांधांवरून माणसं उतरू लागली, कुणी पाठगुळीला म्हातारी घेतली. जांभळाखाली गाडी थांबली तेव्हा धोंडाबाई आपल्या येसूला घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती.

डॉक्टरांनी येसूचा ताप पाहिला, गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. मग खाली वाकून काही पडलं आहे का, असं दाखवत त्यांनी झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं. बुंधा स्वच्छ होता.

"धोंडाबाई, आज... पान वगैरे नाही का काही?"

"आता कशाला?" धोंडाबाई म्हणाली. "निवद मेल्याला आसतोय, डाक्तर. तुमी तर जित्तं हाय न्हवं?"

आपण जिवंत आहोत याची डॉक्टर काळोख्यांना आयुष्यात पहिल्यांदाच थोडीशी हळहळ वाटली.